विंडोजची युजर अकाउंट: चौघांत एक कॉम्प्युटर असलेल्या घरातून रिव्ह्यू

लोक माउसपॅडचासुद्धा रिव्ह्यू लिहितात, पण विंडोजमधे घरातल्या प्रत्येकाचं वेगळं अकाउंट काढायची जी सोय असते तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, कारण ती कॉम्प्युटरसोबत फुकटच येते आणि बऱ्याच घरांत ती उघडूनही बघितलेली नसते. आमच्याकडे ती रोज वापरात आहे म्हणून लिहिते. आधी निकाल सांगून टाकते: पाचपैकी साडेतीन स्टार, पण जशी मिळते तशीच ठेवली तर दीड. मधले दोन स्टार तुमच्याच हातात आहेत, त्याला पैसे लागत नाहीत, घरात थोडी भांडणं लागतात.

परिस्थिती अशी आहे. नागपुरात मानेवाड्याला घर, एक डेस्कटॉप, त्यात विंडोज ११ होम, वापरणारे चार. मी लोकांचे इन्कम टॅक्स रिटर्न भरून देते, ऑर्डनन्स फॅक्टरीतले, डब्ल्यूसीएल या कोळसा कंपनीतले, रिटायर झालेले मास्तर अशी सगळी ओळखीतली मंडळी, आणि जून-जुलैत माझ्याकडे त्यांचे फॉर्म १६, पॅन, आधार, बँक स्टेटमेंट, होम लोनची सर्टिफिकेटं यांचा ढीग जमतो. सासरे सोसायटीचे सेक्रेटरी, ते पत्रं टाइप करतात. नवऱ्याचे फोटो आणि क्रिकेट. पोरगा इंजिनीअरिंगला, तो काय करतो ते त्यालाच माहीत. कॉम्प्युटर नेमका कूलरच्या खोलीत आहे, म्हणजे मे महिन्यात ४५ डिग्री असली की सगळं घर त्याच खोलीत.

घरच्यांपासून काय लपवायचं असं मला बऱ्याच जणींनी विचारलं. माझं लपवायचं काहीच नाही हो, पण कोणाचा पगार किती, कोणाच्या डोक्यावर किती कर्ज, कोणाच्या नावावर किती एफडी, हे माझं नाहीच ना, ते त्या लोकांचं आहे, आणि ते लोक आमच्याच लेआउटमधले, म्हणजे कॉलनीतले आहेत. सासरे ज्या काकांसोबत सकाळी फिरायला जातात त्यांचं रिटर्न मीच भरते. सासऱ्यांना त्यात रस नाही, पण फाइल समोर दिसली तर माणूस उघडतोच, आणि एकदा वाचलेलं मग फिरताना तोंडातून निघतंच.

आता मूळ वस्तूबद्दल. बर्डीच्या मार्केटमधून असेंबल करून आणलेला कॉम्प्युटर सहसा कसा येतो ते बहुतेकांना माहीत असेल. एकच अकाउंट, त्याचं नाव युजर नाहीतर एचपी नाहीतर दुकानदाराने टाकलेलं काहीतरी, पासवर्ड नाही, आणि हार्ड डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे. मग घरातले सगळे त्याच एका अकाउंटात, आणि प्रत्येकाचं एक एक फोल्डर डी मधे, "पप्पा", "आई", "पर्सनल", "न्यू फोल्डर २". पर्सनल नावाचं फोल्डर घरात सगळ्यात जास्त वेळा उघडलं जातं हे वेगळं सांगायला नको. याला हिडन करून ठेवणं म्हणजे काहीच नाही, व्ह्यूमधे जाऊन हिडन आयटम्सवर टिक केली की फिक्क्या रंगात सगळं हजर.

वेगळी अकाउंट काढली की खरोखर फरक पडतो, हे कबूल करायला हवं. सी ड्राइव्हमधे युजर्स नावाचं फोल्डर असतं, त्यात प्रत्येकाच्या नावाचं एक फोल्डर तयार होतं, आणि तुमचं डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स सगळं त्याच्या आत. त्या फोल्डरवर परवानगी तुमची, सिस्टिमची म्हणजे खुद्द विंडोजची, आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर लोकांची, म्हणजे ज्यांना कॉम्प्युटरवर सगळं बदलायचा हक्क असतो त्यांची, बाकी कोणाची नाही. क्रोमचे सेव्ह केलेले पासवर्ड, हिस्टरी, व्हॉट्सअ‍ॅप वेबचं लॉगिन तेही त्याच्याच पोटात जातं, म्हणून सासऱ्यांच्या अकाउंटातून माझं जीमेल उघडत नाही. हे काही हल्लीचं नाही, ज्या एनटीएफएस पद्धतीने डिस्क फॉरमॅट केलेली असते ती १९९३ साली विंडोज एनटीसोबत आली तेव्हापासून प्रत्येक फाइलवर कोणाला परवानगी आणि कोणाला नाही याची यादी ठेवता येते. साध्या, म्हणजे स्टँडर्ड अकाउंटवाल्याने दुसऱ्याच्या फोल्डरवर क्लिक केलं तर विंडोज सरळ अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागते. इथपर्यंत फर्स्ट क्लास.

क्रोमच्या प्रोफाइलला काही लोक अकाउंट समजतात, वर कोपऱ्यात गोल फोटो असतो तो. तो फोटो बदलायला कोणाला पासवर्ड लागत नाही, एक क्लिक आणि तुम्ही दुसऱ्याच्या मेलमधे. ती सोय ऑफिसचं आणि घरचं वेगळं ठेवायला आहे, सासू-सुनेचं वेगळं ठेवायला नाही.

डी ड्राइव्हची गोष्ट मात्र सगळ्यांनी नीट वाचा, कारण इथेच बहुतेक घरं फसतात. सी मधल्या युजर्स फोल्डरला जे संरक्षण मिळतं ते डी ला आणि ई ला आपोआप मिळत नाही. विंडोजने नेहमीसारखं फॉरमॅट केलेल्या डी वर लॉगिन केलेल्या कोणालाही वाचायची, बदलायची आणि डिलीट करायची परवानगी असते. म्हणजे तुम्ही चार अकाउंट काढली, चौघांना चार पासवर्ड दिले, आणि फाइली मात्र जुन्या सवयीने डी मधेच ठेवल्या, तर काही म्हणजे काहीच बदललं नाही. वर एक जास्तीचा धोका, काही जण सी भरतो म्हणून डॉक्युमेंट्स फोल्डरचंच लोकेशन उचलून डी वर नेतात, ते तर दिसायला आपलं डॉक्युमेंट्सच दिसतं पण आता ते उघड्यावर असतं.

यावर दोन उपाय. सोपा म्हणजे खाजगी सामान डी मधून कट करून आपल्या अकाउंटच्या डॉक्युमेंट्समधे पेस्ट करायचं, तिथे गेल्यावर त्याला तिथलीच परवानगी लागू होते. सी मधे जागाच नसेल तर डी मधल्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सेक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड, आणि तिथे डिसेबल इनहेरिटन्स असं बटण असतं, म्हणजे ड्राइव्हच्या परवानग्या फोल्डरमधे उतरणं बंद. ते दाबलं की विंडोज विचारते जुन्या परवानग्या ठेवू की काढू, तर ठेव म्हणायचं, मग आधी स्वतःचं नाव फुल कंट्रोलने यादीत टाकायचं आणि त्यानंतर ऑथेंटिकेटेड युजर्स आणि युजर्स या दोन ओळी उडवायच्या. क्रम हाच ठेवा. उलटं केलं की स्वतःच्याच फोल्डरबाहेर उभं राहून अ‍ॅक्सेस डिनाइड वाचत बसावं लागतं. ही स्क्रीन ज्याने बनवली त्याला सामान्य माणूस कधी भेटला नसावा असं वाटतं, अर्धा स्टार मी इथेच कापलाय.

आता अ‍ॅडमिनची भानगड. पहिलं अकाउंट जे असतं ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असतं, आणि घरोघरी ते पोराच्या ताब्यात असतं, कारण "आई तुला काय कळतं". अ‍ॅडमिनने दुसऱ्याच्या फोल्डरवर क्लिक केलं तर काय होतं ते मी मुद्दाम पोराच्या अकाउंटमधून, त्याला बाजूला बसवून, करून बघितलं. एक छोटी खिडकी येते, तुम्हाला सध्या या फोल्डरची परवानगी नाही, कायमची परवानगी हवी असेल तर कंटिन्यू दाबा. बस. पासवर्ड नाही, काही नाही, खाली ढालीचं चित्र असलेलं बटण, ते दाबलं, एक हिरवी पट्टी थोडा वेळ वर सरकत राहिली आणि माझं अख्खं डॉक्युमेंट्स त्याच्या समोर. पोरगा म्हणे, "हे तर दरवाजावर 'कृपया आत या' लिहिल्यासारखं आहे नं." आणि त्यातला तो कायमची शब्द खरा आहे बरं का, पुढच्या वेळी ती खिडकीसुद्धा येत नाही.

पण त्याच्यात एक मजा आहे जी मला आवडली. कंटिन्यू दाबलं की त्या माणसाचं नाव तुमच्या फोल्डरच्या परवानगी यादीत चिकटतं. म्हणजे तुम्ही आपल्या नावाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज आणि सेक्युरिटी उघडलं आणि तिथे तुम्ही, सिस्टिम आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स यांच्याशिवाय चौथं नाव दिसलं, तर समजायचं कोणीतरी येऊन गेलंय. नाव दिसलं नाही म्हणजे कोणी आलंच नाही असं मात्र नाही, हुशार माणूस अ‍ॅडमिन म्हणून दुसरं सॉफ्टवेअर चालवून मागच्या बाजूने शिरू शकतो. आणि हे विसरू नका, त्या माणसाला नंतर अ‍ॅडमिनवरून स्टँडर्ड केलं तरी त्याचं नाव यादीत तसंच राहतं, त्याला परवानगी त्याच्या नावाने मिळालेली असते, पदाने नाही. अकाउंटचा प्रकार बदलला की ही यादी बघून नाव हाताने काढावं लागतं, विंडोज स्वतःहून काही बोलत नाही.

म्हणून सगळा प्रश्न शेवटी एकच उरतो, घरात अ‍ॅडमिन कोण. बाकी सगळी सेटिंग त्याच्यापुढे फिकी आहे. माझं स्पष्ट मत: चौघांपैकी कोणीच नाही. एक पाचवं अकाउंट काढा, त्यालाच अ‍ॅडमिनिस्ट्रेटर ठेवा, दणकट पासवर्ड द्या, आणि रोजची चारही अकाउंट स्टँडर्ड करा. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्समधे जाऊन चेंज अकाउंट टाइप, एवढंच आहे. नवीन अकाउंट काढताना मायक्रोसॉफ्टचा ईमेल मागतात, तिथे या माणसाची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही असा एक बारीक अक्षरातला पर्याय असतो, त्याच्या पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युजर जोडा असं मिळतं. सासऱ्यांसाठी तेच केलं, त्यांना ईमेल नको आणि ओटीपी तर नकोच नको. ईमेलवालं अकाउंट घेतलं तर वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची क्लाउडवर फाइली ठेवायची सोय, डॉक्युमेंट्सचा बॅकअप घेऊ का म्हणून मागे लागतं, फुकटात ५ जीबी देतं, तर क्लायंटचे कागद आपल्याला क्लाउडवर हवेत का ते आधी ठरवा. मी बंद ठेवलंय.

हे जाहीर केल्यावर घरात जे झालं ते झालं. पोराचं म्हणणं त्याच्या बाजूने चुकीचं नव्हतं, गेमचं अपडेट आलं की विंडोज अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागते, कॉलेजचं एखादं सॉफ्टवेअर टाकायचं तर पुन्हा तेच. "आई, मी काय चोर आहो का बे," असं बोलून तो तिकडे जाऊन बसला. बे वरून त्याच्या आजोबांनी त्याला झापलं ते वेगळंच. तडजोड अशी झाली की पासवर्ड नवऱ्याकडे. काही टाकायचं असलं की ते येऊन पासवर्ड मारतात, काय टाकतोय ते विचारतात, समजलं नाही तरी मान हलवतात. त्यांनी माझ्या फाइली बघितल्या तर, असं नणंदेने विचारलं. ज्या माणसाला स्वतःचं इन्शुरन्सचं पीडीएफ सापडत नाही तो दुसऱ्याचं काय शोधणार.

अ‍ॅडमिन दुसऱ्याचा पासवर्डही रीसेट करू शकतो, पण तो प्रकार गुपचूप होत नाही, तुमचा जुना पासवर्ड चालेनासा होतो म्हणजे तुम्हाला कळतंच, आणि लोकल, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ईमेलशिवायचं अकाउंट असेल तर तुमचे साठवलेले पासवर्ड वगैरे त्यात जाऊ शकतात, विंडोज तसा इशाराही देते.

यूट्यूबवरचा एक जुगाड पोरांमधे फार चालतो त्याबद्दल दोन शब्द. नोटपॅडमधे थोडा कोड चिकटवायचा, फाइल बॅच म्हणून सेव्ह करायची, तिच्यावर डबल क्लिक केलं की एक फोल्डर गायब होतं आणि पुन्हा आणायला पासवर्ड मागतं. भारी वाटतं. पण त्याच फाइलवर राइट क्लिक करून एडिट म्हटलं की पासवर्ड तिथे साध्या अक्षरात लिहिलेला असतो. फोल्डरसुद्धा कुठे जात नाही, फक्त नाव बदलून हिडन केलेलं असतं. शून्य स्टार.

तसंच पीडीएफचे पासवर्ड. मला क्लायंट मोठ्या विश्वासाने सांगतात की मॅडम फाइलला पासवर्ड आहे, काळजी नाही. तो पासवर्ड काय असतो ते या धंद्यातल्या सगळ्यांना पाठ आहे. एआयएसचं, म्हणजे इन्कम टॅक्सवाले वर्षभराच्या व्यवहारांचं जे स्टेटमेंट देतात त्याचं, पीडीएफ असलं तर पॅन नंबर छोट्या अक्षरात आणि पुढे जन्मतारीख, ई-आधार असलं तर नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमधे आणि जन्मसाल. आणि त्याच फोल्डरमधे पॅन कार्डाचा स्कॅन ठेवलेला, ज्यावर पॅनही आहे, नावही आहे, जन्मतारीखही आहे. कपाटाला कुलूप आणि किल्ली कपाटावरच.

इथपर्यंत मी समाधानी होते. मग पोराने, राग गेल्यावर, अगदी प्रेमाने दाखवलं. उबंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टिम, तिचा पेनड्राइव्ह लावला, कॉम्प्युटर चालू करताना त्याच्यावरून बूट केला, विंडोज उघडलीच नाही, आणि तिकडच्या फाइल मॅनेजरमधे आमची हार्ड डिस्क, युजर्स, माझं नाव, डॉक्युमेंट्स, क्लायंट. "मले पाह्याचंच असतं तर केव्हाचं पाह्यलं असतं नं आई, तू कायले इतकी मेहनत करून राहिली?" परवानगीची यादी विंडोज पाळते, बाहेरून आलेल्या सिस्टिमवर तिची सक्ती नाही. कॉम्प्युटर रिपेअरला दुकानात गेला आणि त्यांनी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी हेच. हा विंडोजमधला बिघाड नाही, अशा परवानग्यांची पोचच तेवढी असते, पण जे लोक पासवर्ड आहे ना मग झालं म्हणून रिपेअरला देऊन येतात त्यांना हे माहीत असायला पाहिजे.

यावर विंडोजचं उत्तर म्हणजे बिटलॉकर, आणि होम एडिशनमधे डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे अख्ख्या डिस्कवरची माहिती किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करून ठेवणं. अ‍ॅडमिन अकाउंटातून सेटिंग्जमधे प्रायव्हसी अँड सेक्युरिटीत दिसतं का बघा, दिसत नसेल तर तुमच्या मशीनवर ते नाही. चालू असेल तर बंद कॉम्प्युटरची डिस्क काढून किंवा पेनड्राइव्हवरून कोणाला काही वाचता येत नाही. पण त्याची रिकव्हरी की, म्हणजे अडल्यावर डिस्क उघडायचा नंबर, कुठे आहे ते आजच शोधून ठेवा, बहुतेक वेळा ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे जाऊन बसते आणि ते अकाउंट कोणाच्या ईमेलवर काढलं होतं हे घरात कोणालाच आठवत नसतं. आणि लोक इथे एक गफलत करतात, बिटलॉकर घरातल्या घरात काही वेगळं करत नाही. एकदा कॉम्प्युटर चालू झाला की डिस्क सगळ्यांसाठी उघडी, मग पुन्हा कोणाला काय दिसतं ते परवानगीच्या यादीवर आणि अ‍ॅडमिनवर. घरातल्यांपासून अकाउंट, बाहेरच्यांपासून एन्क्रिप्शन, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. विंडोज प्रोमधे फोल्डरवर राइट क्लिक करून फक्त तुमच्या अकाउंटपुरतं एन्क्रिप्ट करायची सोय असते, होममधे ती मिळत नाही. चौघांचं कुटुंब ज्या एडिशनमधे राहतं तिच्यातच ही सोय नसावी हे मला पटलेलं नाही.

शेवटी क्लायंटच्या फाइलींसाठी मी व्हेराक्रिप्ट घेतलं. फुकट आहे, सोर्स कोड खुला आहे, ट्रूक्रिप्ट नावाचं जे जुनं सॉफ्टवेअर होतं त्याच्या कोडवरून २०१३ मधे निघालं, ट्रूक्रिप्ट २०१४ च्या मे महिन्यात बंद पडलं आणि हे चालू राहिलं. दिसायला एकदम जुन्या काळच्या सरकारी सॉफ्टवेअरसारखं आहे, वर इंग्रजी ड्राइव्हच्या अक्षरांची यादी आणि खाली बटणं. काम असं करतं की आधी एक मोठी फाइल तयार करायची, मी १० जीबीची केली, नाव काहीही ठेवा. ती निवडून एक अक्षर निवडायचं, समजा एम, माउंट दाबायचं, पासवर्ड टाकायचा, थोडं थांबलं की माय कॉम्प्युटरमधे एम नावाचा नवीन ड्राइव्ह येतो. त्यात नेहमीसारखं काम करा, एक्सेल उघडा, सेव्ह करा. काम झालं की डिसमाउंट, ड्राइव्ह गेला, उरली ती एक १० जीबीची फाइल जिच्यात कोणालाही कचराच दिसेल, अ‍ॅडमिनलाही, पेनड्राइव्हवाल्यालाही, दुकानवाल्यालाही.

रोजच्या वापरात ज्या गोष्टी खटकल्या त्या सांगते. माउंट केलेला ड्राइव्ह फक्त तुम्हालाच दिसतो असं समजू नका. तुम्ही स्विच युजर करून उठलात आणि सासरे त्यांच्या अकाउंटात बसले तर त्यांनाही एम ड्राइव्ह दिसतो, नुसतं युजर बदलल्याने तो बंद होत नाही. प्रेफरन्सेसमधे ऑटो-डिसमाउंटचा भाग आहे, लॉग ऑफ झाल्यावर, सेशन लॉक झाल्यावर, काही मिनिटं वापर नसेल तर आपोआप बंद, ते सगळं टिक करा. दुसरं, पासवर्ड विसरलात तर विसरलात, फर्गॉट पासवर्ड वगैरे काही नाही, कंपनीला फोन करून उपयोग नाही. तिसरं, अ‍ॅडमिन ती फाइल उघडू शकत नसला तरी डिलीट करू शकतो. आणि ज्याच्याकडे अ‍ॅडमिनचे हक्क आहेत तो कीबोर्डवरचं टाइपिंग नोंदवणारं काहीतरी टाकून पासवर्डच उचलू शकतो, म्हणून पाचव्या अकाउंटचा नियम व्हेराक्रिप्ट असलं तरी सोडू नका. लाईन जायची भीती मला जास्त होती, आमच्याकडे पहिल्या पावसात लाईन जातेच, माउंट असताना लाईन गेली तर पेनड्राइव्ह न विचारता ओढल्यासारखाच प्रकार, बहुधा काही होत नाही पण ज्या एक्सेलमधे काम चालू होतं तिची खात्री नाही. यूपीएस असू द्या. व्हेराक्रिप्टला साडेचार स्टार देते, अर्धा त्या तोंडवळ्याचा कापला.

वेगळ्या अकाउंटचा त्रास काय, तर किरकोळ त्रास खूप आहेत. स्विच युजर केलं की आधीच्या माणसाच्या सगळ्या खिडक्या मागे चालूच राहतात, पोराचा गेम, माझे क्रोमचे ढीगभर टॅब, आणि ८ जीबी रॅम असूनही सासऱ्यांचं वर्ड उघडेपर्यंत चहा होतो. आमच्याकडे उठताना साइन आउट करायचं असा नियम आहे, पाळतात मोजकेच. मराठी कीबोर्ड प्रत्येक अकाउंटात वेगळा चालू करावा लागतो, तो मात्र आता विंडोजमधेच फोनेटिकही मिळतो, २०१९ पासून. सगळ्यात मोठा गोंधळ फॉन्टचा. सासऱ्यांची सोसायटीची जुनी पत्रं शिवाजी फॉन्टमधे आहेत, त्यांच्या अकाउंटात एकदम सुबक, आणि माझ्या अकाउंटात तीच फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. विंडोजमधे आता फॉन्ट इन्स्टॉल केला की तो फक्त त्या एका अकाउंटापुरताच बसतो. फॉन्टच्या फाइलवर राइट क्लिक करून इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स म्हणायचं, अ‍ॅडमिन पासवर्ड मारायचा, सुटला प्रश्न. अर्थात सोसायटीच्या मीटिंगचे मिनिट्स आपोआप गुप्त राहिले म्हणून सासरे खूश होते, पण प्रिंट काढायला शेवटी मलाच हाक मारतात.

सगळ्यांनी बघायचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, लाइट बिलाचं पीडीएफ यासाठी युजर्समधेच पब्लिक नावाचं फोल्डर असतं, ते वापरा, त्याच्यासाठी डी उघडा ठेवायची गरज नाही. उन्हाळ्यात चंद्रपूरहून भाचे येतात त्यांच्यासाठी जुन्या विंडोजसारखं गेस्ट अकाउंट आता मिळत नाही, आणि नवीन अकाउंटला गेस्ट हे नावही देऊ देत नाही, आम्ही पाहुणे म्हणून एक स्टँडर्ड अकाउंट काढून ठेवलंय. त्यांनी त्यात काय करायचं ते करावं, गेल्यावर अकाउंट उडवून पुन्हा नवं काढते.

लिनक्सवाले म्हणतील तिकडे या, उबंटू त्यातलीच. बहिणीच्या नवऱ्याने घरी लिनक्स मिंट टाकलंय, तिथे इन्स्टॉल करतानाच होम फोल्डर एन्क्रिप्ट करू का असं विचारतात, हे विंडोज होमपेक्षा चांगलं आहे यात वाद नाही. उबंटूमधे २१.०४ च्या आधी एकाचं होम फोल्डर दुसऱ्याला सरळ वाचता येत होतं, नंतर त्यांनी ते बंद केलं. पण तिकडेही ज्याच्याकडे सुडो, म्हणजे तिकडचे अ‍ॅडमिनचे हक्क, त्याच्याकडे सगळं, आणि सासऱ्यांना सगळं नव्याने शिकवायचं माझ्यात बळ नाही.

एक शेवटचं, बॅकअपचं. बाहेरची हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह बऱ्याचदा एनटीएफएसऐवजी एक्सफॅट नाहीतर फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्यात परवानगीची यादी ठेवायची जागाच नसते, म्हणजे घरात सगळी अकाउंट बिनचूक लावून, व्हेराक्रिप्ट टाकून, मग ३१ जुलैनंतर सगळ्या क्लायंटच्या फाइली सुट्ट्या सुट्ट्या त्या डिस्कवर कॉपी केल्या तर ती ज्याच्या हातात पडेल त्याला सगळं उघडं. मी व्हेराक्रिप्टची ती १० जीबीची फाइलच, डिसमाउंट करून, तशीच्या तशी उचलून डिस्कवर टाकते. यूएसबी २ च्या पोर्टवर वेळ लागतो, कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला निळं पोर्ट असेल तर तिथे लावा.